वाड्यावरचा माणूस

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकोणतीस जण आहेत. मामेबहिणीचा साखरपुडा ठरला त्या दिवशी तिने नऊवारीतला फोटो टाकला आणि त्याखाली मी निळू फुलेंचं ते स्टिकर चिकटवलं. तुमच्याही फोनमध्ये असेलच. टोपी, तिरकी नजर आणि खाली अक्षरं : ‘बाई, वाड्यावर या.’ दोन मिनिटांत अकरा हसरे चेहरे आले. मामाने तर टाळ्यासुद्धा पाठवल्या.

आजी शेजारी शेंगा सोलत बसली होती. एवढं काय हसतेस म्हणाली, म्हणून मी फोन तिच्यापुढे धरला. चष्मा लावूनही तिला बारीक अक्षरं दिसत नाहीत, पण चेहरा तिने ओळखला.

“ह्याच्यात हसण्यासारखं काय हाय?” एवढंच म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

टीव्हीवर निळू फुले आले की आजी उठून जाते, ही आमच्या घरातली जुनी गंमत. दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा तेव्हापासूनची. बाबा तिला मुद्दाम हाक मारायचे, “आई, ये, तुझा हिरो आलाय!” असे किस्से फक्त आमच्या घरातले नाहीत. निळू फुले समोर दिसले की खेड्यातल्या बायका बोटं मोडायच्या, शिव्या द्यायच्या, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीदा तरी सांगितलंय. आणि हे किस्से नेहमी नटाचं कौतुक म्हणून सांगितले जातात. बघा, काय ताकदीचा अभिनय! त्या बायका मात्र भोळ्या ठरतात, त्यांना पडदा आणि खरं आयुष्य यातला फरक कळत नाही असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते.

निळू फुले १३ जुलै २००९ला पुण्यात गेले. मी तेव्हा शाळेत होते, बातमी आठवते आणि बाकी काही नाही. यंदा त्या तारखेला मी घरी होते. बाहेर पाऊस होता, लॅपटॉपवर ऑफिसचं काम अर्धवट उघडं होतं आणि मीम पेजवर सकाळपासून तेच स्टिकर ‘भावपूर्ण आदरांजली’ लिहून फिरत होतं. ते बघून कसंतरी झालं. ज्या माणसाला आदरांजली वाहायची, त्याचा एकही सिनेमा मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. मग ठरवलं, आठवडाभर रोज रात्री एक. फोन टीव्हीला जोडायचा आणि बघायचं. ते वाड्यावरचं वाक्य कुठल्या सिनेमात आहे हेही शोधायचं.

(आधीच सांगून टाकते. त्या आठवड्यात मी जे पाहिलं, त्यात ते वाक्य मला कुठेच ऐकू आलं नाही.)

पहिल्या रात्री ‘पिंजरा’ लावला. व्ही. शांताराम, १९७२. यातला मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, आणि निळू फुले यात पाटील नाहीतच, तमाशाच्या फडातले आहेत. रंग, लावण्या, संध्याचं नाचणं यांत सिनेमा इतका भरून गेलेला की त्यांच्याकडे लक्ष जायला वेळ लागला. एवढं जाणवलं की मास्तरची घसरण चालू असताना हा माणूस घाई करत नाही. दुसऱ्याची फजिती तो सावकाश चाखतो. आजीला लावण्या आवडतात, त्यामुळे ती दारात उभी राहून अधूनमधून बघत होती. बसली नाही.

दुसऱ्या रात्री ‘सामना’.

हा १९७५चा, कृष्णधवल. डॉ. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे. बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. गोष्ट थोडक्यात अशी : एक दारुडा, भणंग मास्तर एका गावात येऊन पडतो. एकेकाळी स्वातंत्र्यलढ्यातला, गांधींना मानणारा. पुन्हा डॉ. लागूच. गावाचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील त्याला उचलून आपल्याकडे ठेवतो, खाऊपिऊ घालतो. हिंदुराव म्हणजे निळू फुले. मग मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडतं. फौजेतून परत आलेला, गावात तोंड उघडणारा आणि नंतर नाहीसा झालेला माणूस. मास्तर विचारायला लागतो, त्याचं झालं काय? तो प्रश्न पुढे सिनेमातून बाहेर पडला आणि महाराष्ट्राच्या राजकारणात वर्षानुवर्षं विचारला गेला. मारुती कांबळे झालेत मोहन आगाशे, आणि लहानशा भूमिकेत स्मिता पाटीलही आहे.

मी खलनायक शोधत होते आणि मला यजमान दिसला. हिंदुराव मास्तरचा पाहुणचार करतो. त्याला या माणसाची खरोखर गंमत वाटते, कारण गावात त्याच्याशी बरोबरीने बोलणारं कोणी उरलेलं नाही. आवाज खर्जातला, जरा घोगरा. पण तो चढत नाही. मिमिक्रीवाले निळू फुले करताना ओठ वाकडा करून गुरगुरतात ना, तसलं इथे काही नाही. ज्याला आपलं ऐकलं जाणार याची खात्री आहे तो मोठ्याने कशाला बोलेल? तो थांबतो, बघतो, आणि समोरचा स्वतःहून लहान होत जातो.

आणि हा माणूस स्टिकरवरचा वतनदार पाटीलही नाही. इथे मला सिनेमा थांबवून थोडं वाचावं लागलं. वंशपरंपरेने चालत आलेलं पाटीलपद महाराष्ट्रात १९६२च्या कायद्याने गेलं. त्याच वर्षी १ मेपासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. त्याच्याही आधी, १९५०च्या सुमारास, नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्या वाटेने पुढे कितीतरी कारखाने निघाले. ऊस लावणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. यात खोटं काही नव्हतं. शाळा आल्या, दवाखाने आले, रस्ते झाले. माझे बाबा अशाच एका कारखान्याच्या शाळेत शिकले म्हणून आज मी पुण्यात बसून हे लिहितेय. पण कारखाना, बँक, शाळा, दूध संघ, पंचायत समिती या सगळ्यांच्या किल्ल्या एकाच खिशात गेल्या की काय होतं, ते हिंदुरावच्या चालण्यात दिसतं. तो निवडून येणारा माणूस आहे. लोकांनी आणि विकासाने घडवलेला. म्हणून तर मास्तरची पंचाईत होते. समोरचा नुसता राक्षस असता तर त्याच्या घरची दारू पिताना इतका त्रास झाला नसता.

एका प्रसंगात हिंदुराव अगदी शांतपणे, मायेने म्हणावं तसं मास्तरशी बोलत होता. मागे आवाज झाला. आजी कधी येऊन पलंगावर बसली होती, मला कळलं नव्हतं.

“बंद कर ते.”

“अगं, थोडंच राहिलंय.”

“बंद कर म्हणते ना.”

मी बंद केलं. रागाने नव्हे, तिचा आवाज बघून. ती पदराने चष्मा पुसत बसली. मग विचारलं, “ह्याला कुणी शिकवलं असं बोलायला?” मी म्हटलं, कसं? “असंच. गोड.”

आजीने त्या रात्री जे सांगितलं ते पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. बहात्तरचा दुष्काळ. पुस्तकात आपण वाचतो की १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्या पन्नास लाखांत माझी आजी होती, बाविसेक वर्षांची, आणि तिची धाकटी जाऊ, एकोणिसाची. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालेलं. पुरुष खोदायचे, बायका पाट्या वाहायच्या, खडी फोडायच्या. दुपारी सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची. हजेरी मस्टरवर लागायची आणि पगार हप्त्याने. मस्टर मुकादमाकडे आणि मुकादम गावातल्या एका बड्या माणसाच्या मुठीत. आजीने त्याचं नाव घेतलं. मी इथे लिहीत नाही.

“त्यो कधी आवाज चढवायचा न्हाई,” आजी म्हणाली. “वहिनी म्हणायचा. वहिनी, तुमचा हप्ता अडकलाय वाटतं. वहिनी, सांजच्याला हिशोबाला या, मिटवून टाकू. लोकांम्होरं म्हणायचा. लोकांला वाटायचं, किती चांगला माणूस, बायामाणसाची चौकशी करतो.”

धाकट्या जावेचे तीन हप्ते अडकले होते.

मी विचारलं, मग? गेली ती?

आजी बराच वेळ काही बोलली नाही. पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, “हप्ते मिळाले तिला.” आणि झोपायला गेली.

मी त्या धाकट्या आजीला ओळखते. म्हणजे ओळखायचे, सात वर्षांपूर्वी ती वारली. फार कमी बोलायची आणि कोणाच्या घरी चहा घ्यायची नाही. आम्ही तिला तिरसट म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी मी काहीच पाहिलं नाही. आजीचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला : ह्याला कुणी शिकवलं? निळू फुले स्वतः वाड्यात वाढलेले नव्हते. पुण्यात सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करायचे. राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, कलापथकातून लोकनाट्यं करणारे. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं आणि तिथून अनंत मानेंच्या ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये, १९६८ साली, झेले अण्णा म्हणून ते पडद्यावर आले. हे सगळं सहज सापडतं. यातून पुढचा माझा अंदाज आहे, पुरावा नाही : कलापथक गावात जातं तेव्हा प्रेक्षकांत पहिल्या रांगेत खुर्चीवर कोण बसतं? त्या गावचा हिंदुरावच. नाटकवाल्यांच्या जेवणाची सोय कोण करतं? तोच. रंगमंचावरून, आणि नंतर त्याच्याच ओसरीवर पंगतीला बसून, त्या माणसाला जवळून बघायला माळीकाम करणाऱ्या सेवा दलाच्या पोराइतकी चांगली जागा कोणाची असणार? खालून वर बघणाऱ्यालाच त्या चेहऱ्याची प्रत्येक रेघ पाठ होते. आजीलाही होतीच की.

याच वर्षांतलं त्यांचं मोठं काम आपल्याला आता पाहायला मिळत नाही, कारण ते नाटक होतं. तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’, १९७२, दिग्दर्शक कमलाकर सारंग, निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, आपले नियम आधीच तोंडावर सांगणारा सखाराम. परिनिरीक्षण मंडळाने हरकती घेतल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, सारंगांनी लढा दिला आणि नाटक सुटलं. मला त्या तारखेचं राहून राहून नवल वाटतं. मुंबईत सखारामच्या शिव्यांवर आणि चंपाच्या साडीवर संस्कृतीरक्षक खवळले होते, आणि त्याच सुमारास कुठल्याशा पाझर तलावावर कोणी एक माणूस एकही शिवी न देता ‘वहिनी’ म्हणत होता. त्याच्यावर कोणाचीच हरकत नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. स्टिकर काही हवेतून आलेलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तमाशापट आणि ग्रामीण पटांचं एक यंत्रच होतं आणि त्यात निळू फुले हा ठरलेला सुटा भाग होता. सरपंच किंवा पाटील, मिशीवर हात, गरिबाच्या बायकोवर डोळा, शेवटी मार. यातले दोन सिनेमे मी लावले आणि दोन्ही अर्ध्यावर सोडले. ते वाईट आहेत. वाईट अशासाठी की पाटील त्या बाईकडे जसा बघतो, अगदी तसाच कॅमेराही बघतो आणि मग सिनेमा पाटलाला शिक्षा करून हात झटकतो. अशा भूमिका त्यांनी भरपूर केल्या. नटाला पोट असतं, आणि मराठी सिनेमात तेव्हा पैसा किती होता ते सगळ्यांना माहीत आहे. पण या सिनेमांतली भीती हळूहळू गळून गेली आणि लाळ तेवढी राहिली. ती लाळ म्हणजे स्टिकर. ते बघून आपण हसू शकतो, कारण तसा माणूस आता कुठे भेटत नाही. वहिनी म्हणणारा मात्र भेटतो. माझ्या पहिल्या नोकरीत मला भेटला होता. तो ‘बेटा’ म्हणायचा. त्याचं काय केलं ते इथे सांगत नाही, पण आजीची गोष्ट ऐकल्यावर मला त्याचा आवाज आठवला आणि झोप लागली नाही.

पडद्याबाहेरचे निळू फुले या सगळ्याच्या बरोबर उलट्या टोकाला होते, हेही आजीला सांगितलं. डॉ. लागू, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्याबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ते फिरले. समाजासाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडं मानधन मिळावं म्हणून उभा केलेला हा निधी. त्यासाठी नामवंत नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, त्यांत तेही होते. ‘सामना’त एकमेकांसमोर उभे राहिलेले दोघे, लागू आणि फुले, पैसे गोळा करायला एका बाजूला. आजीने ऐकून घेतलं. “असंल,” म्हणाली. तिच्या तोंडचं ‘असंल’ म्हणजे नापासही नाही आणि पासही नाही.

मग हिंदी ‘सारांश’ एकटीनेच पाहिला. महेश भट, १९८४. अनुपम खेरच्या म्हाताऱ्या प्रधानांबद्दल एवढं बोललं जातं की गजानन चित्रे विसरला जातो. मुलाकडून दिवस गेलेल्या भाडेकरू मुलीचं प्रकरण दडपायला बघणारा पुढारी. हिंदुराव शहरात आला, हिंदी बोलायला लागला आणि ताकद कमी न होता माया तेवढी संपली, असं वाटलं. चित्रे गुंड पाठवतो. हिंदुरावला बहुधा ते कमीपणाचं वाटलं असतं.

शेवटच्या रात्री ‘सिंहासन’ लावला. आजी आपणहून येऊन बसली, हातात निवडायला मेथी. १९७९चा सिनेमा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरचा, पुन्हा तेंडुलकर आणि जब्बार पटेल. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९७८मध्ये, वसंतदादा पाटलांचं सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले होते, त्यामुळे थिएटरात बसलेल्यांना हे सगळं किती ओळखीचं वाटलं असेल! एका निनावी फोनपासून सुरुवात : मुख्यमंत्र्यांना कोणीतरी सांगतं की तुम्हाला पाडायचा कट शिजतोय. अरुण सरनाईक मुख्यमंत्री जिवाजीराव, लागू अर्थमंत्री दाभाडे. आणि ज्याला आपण कायम खुर्चीत बघितलं त्या निळू फुलेंच्या हातात इथे काहीच नाही. ते दिगू टिपणीस आहेत, वार्ताहर. सगळीकडे असणारा, सगळं माहीत असणारा आणि काहीही करू न शकणारा माणूस.

तोच चेहरा, तेच डोळे. पण हिंदुरावचे डोळे समोरच्यावर रुतायचे, आणि दिगू नजर उचलतो ती लगेच खाली घेतो. खांदे थोडे आत आलेले. मला वाटतं, निळू फुलेंना कोणी मोठा नट का म्हणायचं हे कळायला हे दोन सिनेमे लागोपाठच्या रात्री बघावेत. एकात सत्ता कशी बसते ते कळतं, दुसऱ्यात ती बघत राहणाऱ्याचं काय होतं ते.

“ह्यो कोण?” आजीने विचारलं.

“तोच. निळू फुले.”

“उगं काहीतरी सांगू नको.”

मी थांबवून चेहरा मोठा करून दाखवला. ती पुढे सरकली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली, चष्मा वर-खाली करून बघितलं. “ह्याचे डोळे तसे न्हाईत,” म्हणाली. पण उठली नाही.

शेवटी, सगळे डाव खेळून झाल्यावर राजकारणातली माणसं आपापल्या जागी नीट बसतात आणि दिगू रस्त्यावर हसत सुटतो. वेड्यासारखा. ते हसू बराच वेळ चालतं. आपल्याला वाटतं आता थांबेल, आणि ते थांबत नाही. मेथीची जुडी आजीच्या मांडीवर तशीच पडून होती.

“सगळं बघितलं ना त्याने,” ती म्हणाली. “बघितलं आणि सांगायला कुणी न्हाई.”

सिनेमा संपला, नावं संपली, फोनने आपलं आपण पुढचं काहीतरी लावायला घेतलं. मी ते बंद करायला रिमोट उचलला.

“ते त्या दिवसाचं अर्धं राहिलंय ना,” आजी म्हणाली. “मास्तरचं. लाव.”

“आत्ता? अकरा वाजलेत.”

“लाव. त्या मारुतीचं काय केलं त्याने, ते बघू दे मला.”